गोंगाट कमी केला आहे

१

बुधवार आणि रविवार, सकाळी अकरा वाजता मी बाबांकडे जायचे. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. बुधवारी माझं काम दुपारी सुरू होतं आणि रविवारी सुट्टी असते, म्हणून हे दोन दिवस. आई गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, त्यात खंड नव्हता.

बाबांच्या घराची बेल दाबली की आवाज होत नाही, बाहेरच्या खोलीत एक लाल दिवा लागतो. ही करामत बाबांचीच. ते लिफ्टचे मेकॅनिक होते. अडतीस वर्षं इमारतींच्या गच्चीवरच्या मोटरच्या खोल्यांमध्ये उभं राहून त्यांनी काम केलं. नुसत्या आवाजावरून सांगायचे, ब्रेक घासतोय की बेअरिंग गेलंय. त्या आवाजांनीच शेवटी त्यांचे कान खाल्ले.

कानाचं नवं मशीन दादाने घेऊन दिलं. दादा लांब असतो, आपल्याकडे सकाळ तेव्हा त्याच्याकडे संध्याकाळ. भेटायला येता येत नाही याची भरपाई तो वस्तू पाठवून करतो. कानामागे बसणारी दोन इवलीशी मशिनं, डावं निळ्या खुणेचं, उजवं लाल. दोन्हीला बाबांच्या कानाच्या मापाचे साचे, कान गच्च बंद करणारे. आणि या सगळ्यावर हुकूमत चालवणारं एक ॲप, बाबांच्या फोनवर आणि माझ्याही. माझ्या ॲपमध्ये माझं पद होतं ‘सोबती’.

या ॲपने माझ्या नाकी नऊ आणले. दर आठवड्याला त्याला अपडेट लागायचं, आणि अपडेट झालं की ते मशीनला ओळख दाखवेनासं व्हायचं. मग पासवर्ड. नवा पासवर्ड जुन्यासारखा नको, सोपा नको, त्यात एक चिन्ह हवं. ओटीपी जायचा बाबांच्या फोनवर, आणि बाबांना फोन वाजलेला ऐकू येत नाही, म्हणून तर मशीन! मदतीच्या खिडकीत कुणीतरी ‘मी तुमची मदतनीस’ म्हणून हसरा चेहरा टाकायची. मी चार ओळी लिहिल्या की विचारायची, ‘तुमचं समाधान झालं का?’ ‘नाही’ दाबलं की खिडकी बंद.

“अगं चिऊ, लिफ्टला दोनच बटणं पुरतात. वर आणि खाली,” बाबा म्हणायचे. मी सेहेचाळीस वर्षांची आहे, पण बाबांची चिऊच.

तरी मशीन चालायचं तेव्हा छान चालायचं. पहिल्याच रविवारी बाबा खिडकीपाशी उभे राहून म्हणाले, “खालच्या जिन्यात कुणीतरी चप्पल ओढत चालतंय बघ.” आणि डोळे पुसले.

२

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, दुकानात दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळेत मी फोन उघडला. ॲपने रोजचा अहवाल पाठवला होता. तोवर मी तो कधी वाचला नव्हता.

‘काल तुमच्या प्रिय व्यक्तीने ५ तास १० मिनिटं संभाषण केलं. छान!’ शेजारी टाळ्या वाजवणारे हात.

मी मनात हिशेब लावला. काल सोमवार. सोमवारी बाबांकडे कुणी जात नाही. कामवाल्या मावशी वीस मिनिटं येतात आणि त्या गाणी लावून काम करतात. टीव्ही असेल, असं म्हणून मी फोन खिशात टाकला.

बुधवारी बाबांना विचारलं, “सोमवारी टीव्ही किती वेळ बघितलात?”

“टीव्ही? तो महिनाभर बंद आहे. रिमोटची बॅटरी गेली. तूच आणणार होतीस.”

खरंच, मीच आणणार होते.

“मग कुणी आलं होतं का?”

“नाही गं,” बाबा म्हणाले. मग पेपर उघडत, “आलं असं नाही.”

मी रविवारचेही आकडे काढून पाहिले. रविवारी मी तीन तास तिथे होते. ॲपने लिहिलं होतं, सहा तास चाळीस मिनिटं.

३

ॲपमध्ये एक पान आहे. मधोमध एक गोल, म्हणजे मशीन घातलेला माणूस. त्याच्या भोवती कुणी बोललं की त्या दिशेला एक ठिपका उमटतो. ज्याच्याकडे माणूस तोंड करतो तो ठिपका मोठा होतो, म्हणजे मशीन त्याचा आवाज उचलून देतं. मशीन विकणाऱ्या बाईंनी हे आम्हाला मोठ्या कौतुकाने दाखवलं होतं.

त्या बुधवारी मी ते पान उघडून बाबांच्या समोर बसले. बाबा पेपर वाचत होते. मी गप्प होते. गोलाच्या डाव्या बाजूला, थोडा मागे, एक ठिपका होता.

बाबांच्या डावीकडे मागे म्हणजे आतल्या खोलीकडे जाणारा बोळ. जेमतेम चार पावलांचा. एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला भिंत. तिथे काही नव्हतं. कपाट उघडून पाहिलं तर त्यात गाद्या आणि आईची शिवणाची पेटी.

मग मी पद्धतशीरपणे सुरुवात केली. दिवसभर लोकांना भिंगं बदलून दाखवणं हा माझा धंदाच आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पंखा बंद केला. ठिपका तिथेच. फ्रिजची वायर काढली. ठिपका तिथेच. खिडक्या लावल्या, मोरीचा नळ घट्ट पिळला, भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. घर इतकं शांत झालं की बाबांच्या हातातल्या पेपरची सळसळ मोठी वाटायला लागली. ठिपका मधेच विझायचा आणि पुन्हा लागायचा. माणूस बोलताना थांबतो, पुन्हा बोलतो, तसा.

“हे काय चाललंय?” बाबा म्हणाले.

मी बोळात जाऊन उभी राहिले, नेमकी त्या ठिपक्याच्या जागी. “बाबा, मी इथून बोलतेय. ऐकू येतंय का?”

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“बोल की,” ते म्हणाले. “नुसते ओठ काय हलवतेस?”

मी मोठ्याने बोलले. ओरडलेच म्हणा. बाबा हसत होते, मी गंमत करतेय असं वाटून. मी फोनवर नजर टाकली. जिथे मी उभी होते तिथे एकच ठिपका होता, आणि तो माझ्या बोलण्याबरोबर लुकलुकत नव्हता. मी गप्प झाले तरी तो लुकलुकत राहिला. खाली एक राखाडी ओळ आली होती.

‘गोंगाट कमी केला आहे: १ आवाज.’

मी बोळातून बाहेर आले. सावकाश नव्हे, हे कबूल करते.

४

मशीनवाल्या बाईंचं दुकान म्हणजे एक स्वच्छ पांढरी खोली आणि तिच्या पोटात जाड दाराची दुसरी छोटी खोली, कान तपासायची. बाई शांत, पन्नाशीच्या. बाबांना आतल्या खोलीत बसवून त्यांनी मशीन संगणकाला जोडलं.

“हे शिकतं,” त्यांनी मला सांगितलं. “माणूस ज्याच्याशी जास्त बोलतो त्याचा आवाज ते पुढे ठेवतं. बाकीचे मागे ढकलतं. तुमचा आवाज मागे गेलाय, बस. मी पहिल्यासारखं करून देते.”

“पण पुढे कुणाचा आहे?”

“घरात जे दुसरे राहतात त्यांचा.”

“दुसरं कुणी राहत नाही.”

बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. रोजचे उभे पट्टे होते, तीन रंगांचे. “हा निळा म्हणजे वडील स्वतः. हा दुसरा. हा बघा, सकाळी सातपासून असतो. तुम्ही म्हणजे हा बारीक पिवळा, आठवड्यातून दोनदा.”

“काय बोलतो ते ऐकता येईल?”

“नाही हो. मशीन बोलणं साठवत नाही. फक्त मोजतं.” त्या जरा वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. “प्रतिध्वनी असू शकतो. घरात सामान कमी आहे का?”

“भरपूर आहे.”

“मग मला सांगता येणार नाही,” त्या म्हणाल्या. त्यांनी ते इतक्या सरळपणे सांगितलं की मला रागही काढता येईना.

त्यांनी सगळं पुसून मशीन नव्यासारखं करून दिलं. घरी येताना रिक्षात बाबांनी माझं एकूण एक वाक्य ऐकलं. रिक्षावाल्याशीही गप्पा मारल्या. मला इतकं हलकं वाटलं की रात्री नवऱ्याला मी हा सगळा किस्सा विनोदासारखा सांगितला.

दोन दिवसांनी अहवाल आला. सात तास वीस मिनिटं. टाळ्या.

५

“म्हातारपण आहे गं ते,” दादा व्हिडिओवर म्हणाला. “एकटा माणूस स्वतःशी बोलतो. त्यात मशीनचा काय दोष? तू त्यांना मेंदूच्या डॉक्टरकडे ने.”

खरं सांगायचं तर मलाही तेच बरं वाटलं असतं. आजाराला निदान नाव असतं, गोळ्या असतात. मी बाबांना नेलं. डॉक्टरांनी त्यांना तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला लावले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. बाबांनी वजाबाकी माझ्याआधी केली. चित्र काढून झाल्यावर त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, “तुमच्या इमारतीच्या लिफ्टचं दार सेकंदभर उशिरा लागतंय. बघून घ्या, कुणाची तरी बोटं जातील.”

डॉक्टर म्हणाले, तुमचे वडील ठणठणीत आहेत.

पण रविवार ते बुधवार, बुधवार ते रविवार, माझा आवाज बाबांच्या कानातून जात चालला. आधी अर्धी वाक्यं, मग नुसते शब्द. मी ॲपमध्ये शिरून माझा आवाज हाताने वर ओढायचे, ते ‘जतन केलं’ म्हणायचं, आणि माझ्या डोळ्यांदेखत पट्टी सावकाश खाली घसरायची. मदतनीस विचारायची, समाधान झालं का. शेवटी मी मुलीची जुनी पाटी नेली आणि बाबांशी लिहून बोलायला लागले. मशीन कानात असलेल्या माणसाशी!

पाटीवर मी लिहिलं, ‘हे मशीन परत करू. जुनंच बरं होतं.’

“नको,” बाबा म्हणाले. त्यांनी मला इतक्या तुटक स्वरात कधी उत्तर दिलेलं आठवत नाही. मग त्यांना वाईट वाटलं. “चिऊ, राग मानू नकोस. तुमचं कुणाचं मला नीट ऐकू येत नाही. दादाचं येत नाही, तुझं येत नाही. त्याचं येतं.”

‘कुणाचं?’

“ते मला काय माहीत?”

‘विचारलं नाहीत?’

“बरं दिसतं का?” बाबा म्हणाले. “माणूस इतका रोज येतो, आपली विचारपूस करतो. आता त्याला कुठे ‘तू कोण’ म्हणून विचारायचं.”

मी पाटी पुसली. ‘आई आहे का’ असं लिहिलं आणि पुसायच्या आत त्यांनी वाचलं.

“छे,” बाबा म्हणाले. “तुझी आई कुठे एवढं ऐकून घ्यायची?”

६

त्यानंतरच्या बुधवारी दुकानाच्या बाजूला मला एक काम होतं, ते पाच मिनिटांत उरकलं. म्हणून मी साडेदहालाच बाबांकडे पोचले. बेल दाबली नाही, माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. दिवा लागला नाही, म्हणून बाबांना कळलं नाही.

ते स्वयंपाकघरात होते. पाठमोरे, ओट्याशी, चहाचं भांडं विसळत. तोंड भांड्याकडे आणि मान जराशी डावीकडे कललेली.

“आज,” बाबा म्हणाले. “बुधवार ना आज. अकराला.”

नळ चालू होता. त्यांनी तो बारीक केला.

“हो. एकटीच येते.”

मी दारात, हातात किल्ली. आत जायचं की मागे फिरायचं, पायांनाच ठरवता येईना. मला स्वतःलाच बजावावं लागलं की हे माझे वडील आहेत, हे त्यांचं स्वयंपाकघर आहे, बाहेर ऊन आहे, आणि समोरच्या इमारतीत कुणीतरी गाद्या झटकतंय.

“नाही, ती घालायची नाही,” बाबा म्हणाले. “तिला चांगलं ऐकू येतं. तिला काय गरज?”

मग बराच वेळ ते गप्प होते. मधे दोनदा ‘हं’ म्हणाले. शेवटी भांडं पालथं घालून, हात पुसत म्हणाले, “बरं. विचारतो.”

ते वळले आणि मला पाहून दचकले नाहीत. चेहरा उजळला त्यांचा.

“आलीस? चिऊ, एक काम करशील? एकदा हे कानात घालून बघ.”

७

मी नाही म्हणाले. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, नाही. बाबांनी ते वाचलं. खुर्चीत जाऊन बसले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. दुसऱ्या कुणासमोर आपली शोभा झाली की माणूस बसतो, तसे.

मग माझं मन मला समजवायला लागलं. घालून बघ. तुला काही ऐकू येणार नाही, आणि तसं तू त्यांना सांगितलंस की विषय संपेल. तुझ्या कानांना काही झालेलं नाही. या घरात खोटं काय आणि खरं काय, हे सांगू शकणारी तूच एक उरली आहेस.

मी हात पुढे केला. बाबांनी एकेक करून मशीन काढून दिलं. साचे त्यांच्या मापाचे, पण माझे कान बाबांवर गेलेत. दोन्ही साचे असे बसले, जणू माझ्यासाठीच केले होते. बाहेरचं जग एकदम बंद झालं. गाद्या झटकल्याचा आवाज गेला, रस्ता गेला. मग डाव्या कानात एक बारीक सूर वाजला, उजव्या कानात एक, आणि घर आत आलं.

इतकं स्वच्छ मी कधीच ऐकलं नव्हतं. फ्रिज. भिंतीवरचं घड्याळ. आतल्या खोलीतल्या पडद्याची कडी गजावर सरकली ती. माझ्याच बोटांचा पाटीवरचा स्पर्श. यात भिण्यासारखं काही नव्हतं. मी बाबांकडे बघून हसले आणि मान हलवली, काही नाही.

बाबा बोलले.

त्यांचे ओठ हलले, हात हलले, भुवया वर गेल्या. ते माझ्यापासून दोन हातांवर बसले होते. घड्याळ ऐकू येत होतं, फ्रिज येत होता, पडदा येत होता. बाबांचा आवाज येत नव्हता. ते पुढे झुकून, मोठ्याने बोलत असावेत, मानेची शीर फुगली होती. माझ्या फोनवर, मांडीवर, ती राखाडी ओळ आली. एक आवाज.

आणि तेव्हाच फ्रिज थांबला. तो मधूनमधून थांबतोच. मग घड्याळ थांबलं. म्हणजे काटा फिरताना मला दिसत होता, आवाज थांबला. मग पडदा. एकामागून एक सगळे आवाज बाजूला होत गेले, एखाद्याला पुढे यायला वाट करून द्यावी तसे. शेवटी माझा स्वतःचा श्वासही ऐकू येईना. मला वाटलं, मशीन बिघडलं. मला मनापासून वाटलं की मशीन बिघडलं, आणि किती बरं झालं.

डाव्या बाजूला, थोडं मागे, कानाच्या अगदी उंचीवर, कुणीतरी श्वास घेतला.

लांब नव्हता तो. धाप नव्हती. बराच वेळ थांबलेला माणूस आपली पाळी आली की बोलायच्या आधी घेतो, तेवढाच.

मी दोन्ही साचे उपटून काढले. उजव्या कानातून थोडं रक्त आलं. खोलीत सगळं एकदम परत आलं, गाद्या, रस्ता, फ्रिज. मी मागे वळून बघितलं की नाही, मला सांगता येत नाही. बोळ आठवतो, कपाट आठवतं. कपाटाच्या आणि भिंतीच्या मधली जागा आठवत नाही, तिथे काही होतं म्हणून नव्हे, तेवढीच आठवत नाही.

“काय म्हणाला?” बाबा विचारत होते. आपल्याला ऐकू येत नाही हे विसरून, पुन्हा पुन्हा. “चिऊ, काय म्हणाला तो?”

मी पाटी घेतली. लिहिलं, ‘काही नाही.’

बाबांनी वाचलं आणि खुर्चीत मागे रेलले.

“असं कसं,” ते म्हणाले. “इतके दिवस मला तुझंच विचारतोय. ऐकून तरी घ्यायचंस. तुलाच सांगायचं होतं त्याला.”

८

त्याच दुपारी मी बाबांना माझ्या घरी आणलं. दुकानात फोन करून सुट्टी घेतली. आश्चर्य म्हणजे बाबांनी विरोध केला नाही. दोन पिशव्या भरल्या, गॅस बंद केला, आणि दार ओढताना आत बघून मान हलवली, निघतो म्हणून.

मशीन मी परत केलं. बाईंनी आधी माझ्या कानाकडे पाहिलं. त्यांनीच आग्रह धरला म्हणून मी त्या जाड दाराच्या खोलीत बसून कान तपासून घेतले. ठणठणीत, त्या म्हणाल्या, या वयाला इतके चांगले क्वचित असतात. ते सांगायला त्यांनी दार उघडेपर्यंत मी त्या खोलीत एकटी, सगळे आवाज बंद केलेल्या जागेत, एकापासून मोठ्याने आकडे म्हणत बसले होते.

बाबा आता जुनं मशीन घालतात. त्यातून त्यांना अर्धमुर्धं ऐकू येतं, उरलेलं पाटीवर. नातीशी पत्ते खेळतात, तिच्या सायकलचा ब्रेक दुरुस्त करून देतात. त्या घराबद्दल बोलत नाहीत, आणि मीही काढत नाही. दादाला वाटतं, मीच उगाच घाबरून महागाची वस्तू परत केली. वाटू दे.

बदललं ते माझंच. मला शांत खोली चालत नाही. नवरा वैतागतो, कारण मी पंखा, रेडिओ, नळ, काहीतरी चालूच ठेवते, आणि काही नसलं तर स्वतः बोलत राहते, भाजी निवडताना, जिन्यात, आंघोळीला. लोकांना वाटतं, बाईला एकटेपणाची सवय नाही. तसं नाहीये. मी कुणालाच बोलायला जागा मिळू देत नाही. श्वास घेऊन झालेला आहे. वाक्य राहिलंय.